नदीचे मूळ आणि नावाचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. शोधायला गेले की नको ते हाती लागते, असा तिचा रोख. पण माणसाचा स्वभाव असा की, शोधू नये म्हटले की तो हटकून शोधायला निघतो. आज मी तुम्हाला अशाच एका शोधाची हकिकत सांगणार आहे. नदी आपली नाही, फार दूरची आहे. अमेरिकेतील मिसिसिपी. तिचे मूळ शोधता शोधता लोकांनी एका रानातल्या तळ्याला नवे नाव दिले, आणि पुढे त्या नावाचेच मूळ शोधायची पाळी आली. नदीच्या मुळाशी पाणी सापडले. नावाच्या मुळाशी काय सापडले, ते ऐका.

आधी ते तळे कोठे आहे ते पाहू. शिक्षकबंधूंनी वर्गातला नकाशा काढून उत्तर अमेरिकेच्या मध्यावर बोट ठेवावे आणि ते कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत वर न्यावे. तेथे मिनेसोटा नावाचे राज्य आहे. हजारो वर्षांपूर्वी या साऱ्या मुलखावर बर्फाचे प्रचंड थर पसरलेले होते. ते बर्फ सरकताना माती, दगड, गोटे आपल्याबरोबर खरडत आणीत असे, आणि वितळताना जेथल्या तेथे टाकून देत असे. त्यामुळे जमीन उंचसखल झाली. टेकाडे राहिली, खळगे राहिले. मातीखाली दबलेले बर्फाचे मोठे ढेकूळ मागाहून वितळले की तेथे खड्डा पडे आणि तो पाण्याने भरे. मिनेसोटात अशी लहानमोठी तळी दहा हजारांहून अधिक आहेत. चहूकडे पाइनची झाडे, दलदल, लव्हाळी, आणि मध्येच चमकणारे पाणी. हिवाळ्यात हे सारे गोठून दगडासारखे होते.

या हजारो तळ्यांपैकी एक म्हणजे इटास्का. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७५ फूट उंचीवर आहे. विस्तार हजार एकरांहून थोडा अधिक, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या धरणाच्या जलाशयापुढे काहीच नाही. त्याचा आकार एकसंध नाही. निमुळत्या तीन फाट्यांचे हे तळे आहे, आणि मध्ये एक छोटे बेट. उत्तरेच्या फाट्याच्या टोकाशी पाणी काठ ओलांडून बाहेर पडते. रुंदी सुमारे वीस फूट, खोली गुडघाभर. लहान मूलही दगडावरून उड्या मारीत पलीकडे जाईल. हीच मिसिसिपी. येथून ती आधी चक्क उत्तरेकडे जाते, मग पूर्वेला वळते, मग दक्षिणेची वाट धरते. कागदावर हे वळण प्रश्नचिन्हासारखे दिसते. मग पुढे सुमारे साडेतेवीसशे मैल धावून ती मेक्सिकोच्या आखाताला मिळते. इटास्कातून निघालेला पाण्याचा थेंब समुद्राला पोहोचायला साधारण नव्वद दिवस घेतो, असे सांगतात.

आता नावाकडे येऊ. या तळ्याच्या परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांच्या खुणा सापडल्या आहेत. त्यांनी मारलेल्या बायसनची, म्हणजे गव्यासारख्या रानजनावराची हाडे आणि दगडी हत्यारे तेथे मिळाली. ते लोक या तळ्याला काय म्हणत होते, ते त्यांच्याबरोबर गेले. पुढे या मुलखात डकोटा लोक होते आणि अठराव्या शतकात ओजिब्वे लोक आले. ओजिब्वे भाषेत या तळ्याचे नाव आहे ओमाश्कोझो-झागाइगन. 'ओमाश्कोझ' म्हणजे एल्क नावाचे हरीण, आपल्या सांबराच्या कुळातले, भल्यामोठ्या शिंगांचे. 'झागाइगन' म्हणजे तळे. आपण म्हटले असते, सांबरतळे. बस्स, इतके साधे नाव. हरणे तेथे पाण्याला येत, म्हणून हरणांचे तळे.

ओजिब्वे लोकांची बाकीची नावेही अशीच आहेत. मिसिसिपी उगमानंतर ज्या मोठ्या तळ्यातून जाते, त्याला ते बेमिजिगमाग म्हणतात. म्हणजे ज्यातून वाहते पाणी आडवे पार जाते, असे तळे. नदी एका बाजूने शिरते आणि दुसरीकडून निघते. ते सारे नावातच सांगितले आहे. आज तेथल्या शहराला बेमिजी म्हणतात. दुसऱ्या एका तळ्याच्या नावाचा अर्थ जळवांची जागा. तिसऱ्याच्या नावाचा अर्थ तांबड्या देवदारांची जागा. खुद्द 'मिसिसिपी' हा शब्दही ओजिब्वे भाषेतूनच आला. त्याचा अर्थ थोर नदी. थोडक्यात, ही नावे म्हणजे न लिहिलेला भूगोल होता. होडी घेऊन निघालेल्या माणसाला पाणी कोठे आडवे येईल, शिकार कोठे मिळेल, पायाला जळवा कोठे लागतील, हे नावावरूनच कळत असे.

या भागात कातड्यांच्या व्यापारासाठी फ्रेंच व्यापारी आले. त्यांनी ओजिब्वे नावाचे आपल्या भाषेत भाषांतर केले, लाक ला बिश. अर्थ तोच, हरिणीचे तळे. भाषा बदलली पण हरीण राहिले. व्यापाऱ्याला वाट कळण्याशी काम. नावात आपली मोहोर उठवण्याची गरज त्याला भासली नाही.

मग नदीच्या मुळाची एवढी निकड कोणाला आणि का लागली? येथे राजकारण येते. १७८३ साली इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले, तेव्हा तहात सरहद्द लिहिली गेली. त्यात असे ठरले की 'लेक ऑफ द वूड्स' या सरोवराच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेकडे रेघ ओढावी आणि ती मिसिसिपीला भिडेल तेथपर्यंत न्यावी. तह करणाऱ्यांपुढे जो नकाशा होता त्यावर हे सोपे वाटत होते. पण प्रत्यक्षात मिसिसिपी इतक्या उत्तरेला पोहोचतच नाही. तिचे मूळ त्या रेघेच्या सुमारे दीडशे मैल दक्षिणेला आहे. म्हणजे दोन राष्ट्रांनी सह्या करून ठरवलेली हद्द जमिनीवर ओढताच येईना! नदी कोठे सुरू होते हे कोणा सही करणाराला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही. अखेर १८१८ साली उत्तर अक्षांश ४९ ही हद्द धरून तो घोळ मिटवला.

मधल्या काळात मुळाचे शोधक एकामागून एक येऊन गेले. १७९८ साली डेव्हिड टॉम्प्सन हा कॅनडातील व्यापारी कंपनीचा मोजणीदार आला. त्याने टर्टल लेक, म्हणजे कासवतळे, हे मूळ ठरवले. फेब्रुवारी १८०६ मध्ये झेब्युलन पाइक हा अमेरिकन लष्करी अधिकारी आला. सारे पाणी गोठलेले. तो जळवांच्या तळ्यापर्यंत गेला आणि हेच मूळ म्हणाला. तेथे इंग्रजी व्यापाऱ्यांच्या ठाण्यावर ब्रिटिश निशाण फडकत होते. ते त्याने गोळ्या घालून खाली पाडवले. मुळाच्या शोधात कोणाचे किती पाणी होते, ते यावरून दिसते. १८२० साली मिशिगन प्रांताचा गव्हर्नर लुइस कॅस आला आणि तांबड्या देवदारांच्या तळ्यापर्यंत पोहोचून परतला. त्या तळ्याचे नाव तेव्हापासून कॅस लेक झाले. देवदार गेले आणि गव्हर्नर आला. हेच कॅससाहेब पुढे १८३१ पासून अमेरिकेचे युद्धमंत्री होते आणि मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून उठवून पश्चिमेला हलवण्याचे धोरण त्यांच्याच खात्याने राबवले.

१८२३ साली आलेला शोधक मात्र मोठा गमतीदार. जाकोमो बेल्त्रामी हा इटलीचा, पूर्वीचा न्यायाधीश. त्याचे वाटाडे त्याला सोडून गेले. होडी वल्हवता येईना. तेव्हा हा गृहस्थ पाण्यात उतरला आणि दोरीने होडी ओढीत चालू लागला. होडीतल्या सामानावर त्याने आपली तांबडी छत्री उघडून ठेवली होती. अशा थाटात जाऊन त्याने एका लहानशा तळ्याला मूळ ठरवले आणि आपल्या दिवंगत मैत्रिणीवरून त्याला जुलिया हे नाव दिले. लोक हसले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नदीचा पश्चिमेकडचा उगम हरिणीच्या तळ्यात आहे, हे त्याने स्थानिक लोकांकडून ऐकले होते आणि आपल्या पुस्तकात छापलेही होते. खरे उत्तर कानावर आले होते. ते ओजिब्वे लोकांच्या तोंडचे होते.

आता मुख्य माणूस. हेन्री रो स्कूलक्राफ्ट. हा १८२० साली कॅसबरोबर खनिजांचा जाणकार म्हणून गेला होता. पुढे सरकारने त्याला ओजिब्वे लोकांकडे आपला एजंट म्हणून नेमले. त्याची पत्नी जेन जॉन्स्टन हिची आई ओजिब्वे होती. जेन दोन्ही भाषांत कविता करी. ओजिब्वे लोकांच्या कथा स्कूलक्राफ्टला मिळाल्या त्या मुख्यतः तिच्यामुळे आणि तिच्या माहेरच्या माणसांमुळे. १८३२ साली सरकारने त्याला दोन कामांसाठी पाठवले. ओजिब्वे आणि डकोटा यांच्यातील लढाया थांबवणे, आणि देवीची लस टोचणे. बरोबरच्या डॉक्टर हॉटनने त्या दौऱ्यात दोन हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. नदीचे मूळ शोधणे हे तिसरे काम स्कूलक्राफ्टने स्वतःच्या हौसेने जोडून घेतले.

त्याला ओझाविंडिब भेटला. त्या नावाचा अर्थ पिवळे डोके. हा ओजिब्वे पुढारी म्हणाला, मी दाखवतो. त्याने हलक्या होड्या मिळवून दिल्या, वाट आखली आणि स्वतः पुढे चालला. मंडळी नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याने वर गेली, मग होड्या आणि सामान खांद्यावर घेऊन सुमारे सहा मैलांची दलदल आणि टेकाडे ओलांडली. १३ जुलै १८३२ रोजी झाडी संपली आणि समोर पाणी दिसले. युरोपियन लोकांनी ही नदी खाली दक्षिणेत १५४१ साली पाहिली होती. तिच्या मुळाशी येईपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे गेली. स्कूलक्राफ्टची मंडळी तेथे काही तास राहिली. बेटावर झाडे तोडून खांब उभा केला, अमेरिकेचे निशाण लावले आणि नदीच्या प्रवाहाबरोबर परत निघाली. बेटाला स्कूलक्राफ्टचे नाव मिळाले. ओझाविंडिबचे नाव मात्र तळ्याला मिळाले नाही.

तळ्याचे नाव काय ठेवावे? तळ्याला नाव होते आणि स्कूलक्राफ्टला ते माहीत होते. पण त्याला नवे हवे होते. प्रवासात बाउटवेल नावाचा तरुण मिशनरी होता, त्याला लॅटिन येत होते. 'खरे मूळ' याला लॅटिनमध्ये काय म्हणतात, असे स्कूलक्राफ्टने त्याला विचारले. बाउटवेल म्हणाला, 'वेरिटास' म्हणजे सत्य आणि 'कापुट' म्हणजे डोके, शिर. वाक्य काही शुद्ध नव्हते. व्याकरणाने 'कापुट वेरुम' व्हायला हवे, हे कोणताही लॅटिनचा मास्तर सांगेल. स्कूलक्राफ्टने ते दोन शब्द जोडले, पुढचे 'वेर' छाटले, मागचे 'पुट' छाटले, आणि मधे उरले ते 'इटास्का'. सत्याचेही डोके उडाले आणि डोक्याचेही शेपूट!

नाव कानाला मोठे गोड लागते. ऐकणाऱ्याला वाटावे, हा तेथल्या लोकांच्या भाषेतलाच शब्द असणार. तसे वाटावे हाच त्यातला डाव होता. अशी तुकडेजोड करून देशी वाटणारी नावे बनवण्यात स्कूलक्राफ्टचा हातखंडा होता. मिशिगन राज्यातील आल्पेना, आयोस्को, टस्कोला, अल्कोना ही जिल्ह्यांची नावे त्याच्याच टांकसाळीतली आहेत. इटास्काची फोड त्याने आपल्या ग्रंथात उघड केली नाही. उलट १८५० नंतरच्या लेखनात, जेनच्या निधनानंतर, इटास्का नावाच्या मुलीची एक करुण कथाच अवतरली. ती मुलगी पाताळात नेली जाते, रडते, आणि तिच्या अश्रूंतून नदी वाहू लागते. लोकांनी ती कथा ओजिब्वे लोकांची पुराणकथा म्हणून वाचली. म्हणजे आधी नाव बनवले आणि मग नावाला कथा बनवली. अखेर म्हातारपणी बाउटवेलने लॅटिन शब्दांची हकिकत सांगितली, तेव्हा नावाचे खरे मूळ जगापुढे आले.

पण मी स्कूलक्राफ्टला केवळ लबाड म्हणून सोडून देणार नाही. त्याने तळ्याची जागा बरोबर सांगितली. वाटाड्याचे नाव आपल्या वृत्तान्तात लिहून ठेवले. म्हणून तर आज आपल्याला ओझाविंडिब माहीत आहे. ओजिब्वे लोकांच्या अनेक कथा त्याच्यामुळे कागदावर टिकल्या. पण त्याच माणसाने १८३६ साली सरकारच्या वतीने जो करार घडवून आणला, त्यात मूळ रहिवाशांची मिशिगनमधील फार मोठी जमीन गेली. एका हाताने कथा लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या हाताने जमीन, असा तो काळ होता.

याच्या उलट वागणारा एक माणूसही त्याच रानात येऊन गेला. १८३६ साली जोसेफ निकोले हा फ्रेंच ज्योतिर्विद आला. त्याच्याकडे दुर्बीण आणि हवेचा दाब मोजण्याचे यंत्र होते. तो इटास्कापाशी थांबला नाही. इटास्कात जे ओढे येऊन मिळतात, ते त्याने वरपर्यंत चालून पाहिले आणि मोजले. त्याचा नकाशा १८४३ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यावर त्याने मूळ रहिवाशांची असंख्य नावे त्यांच्याकडून ऐकून, उच्चार समजून घेऊन लिहिली आहेत. मुक्काम दोघांचाही थोडाच होता. पण एकाने नाव विचारले आणि एकाने नाव ठेवले.

आता प्रश्न येतो की, इटास्कात वरून ओढे येतात तर मग तेच मूळ का नव्हे? याच फटीत १८८१ साली कॅप्टन विलर्ड ग्लेझियर शिरला. हा यादवी युद्धात लढलेला, पुस्तके लिहून पोट भरणारा गृहस्थ. इटास्काच्या दक्षिणेला एक लहान तळे आहे, त्याचे पाणी इटास्कात येते. चेनोवागेसिक नावाच्या ओजिब्वे वाटाड्याने ते त्याला दाखवले. ग्लेझियरने जाहीर केले की खरे मूळ हेच, आणि नाव ठेवले लेक ग्लेझियर! शाळांच्या नकाशांतही ते शिरू लागले. पण १८८६ साली हॅरोअर नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिले की, कॅप्टनसाहेबांच्या वृत्तान्तातले उतारेच्या उतारे स्कूलक्राफ्टच्या जुन्या पुस्तकातून उचललेले आहेत. शिवाय ते लहान तळे सरकारी मोजणीत आधीच नोंदलेले होते. मोजणीदारांनी त्याला नाव दिले होते एल्क लेक. पाहा, मोठ्या तळ्यावरून हाकललेले हरीण शेजारच्या लहान तळ्यावर जाऊन उभे राहिले होते.

मग मिनेसोटाच्या इतिहास संस्थेने १८८९ साली जेकब ब्राउअर याला नीट मोजणीसाठी पाठवले. तो रान सारे पायाखाली घालून आला. एल्क लेक आणि वरचे ओढे हे सारे एकाच खोऱ्याचे अवयव आहेत, आणि त्या खोऱ्याचे पाणी एकत्र करून कायम वाहती नदी बाहेर सोडणारे तळे इटास्का हेच आहे, असा त्याचा निवाडा. तो आजवर टिकला. त्याच्याच खटपटीने १८९१ साली तेथे राज्याचे राखीव उद्यान झाले. विधिमंडळात हा ठराव एका मताने पास झाला. १९०३ साली लाकूडवाल्या कंपनीने ओंडके वाहून नेण्यासाठी बांध घालून तळ्याचे पाणी चढवले आणि काठची झाडे बुडू लागली. तेव्हा उद्यानाच्या प्रमुखपदी मेरी गिब्ज नावाची चोवीस वर्षांची तरुणी होती. बांधाच्या झडपा उघडा, असे सांगत ती बांधावर जाऊन उभी राहिली. आज उगमापाशी तिच्या नावाचे माहिती केंद्र आहे. हे नाव मात्र कमावलेले आहे.

श्रोतेहो, आज लोक हौसेने तेथे जातात, दगडांवरून नदी ओलांडतात. ते दगडही १९३० नंतरच्या दशकात, दलदल भरून, मुद्दाम मांडलेले आहेत. एल्क हरणे तर शिकारीमुळे आणि शेतीमुळे त्या राज्यातून जवळजवळ नाहीशी झाली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती पश्चिमेकडून आणून उद्यानात ठेवावी लागली. १८५५ च्या करारानंतर ओजिब्वे लोक राखीव मुलखांत गेले. आजही ते त्या भागात राहतात आणि त्यांच्या भाषेत त्या तळ्याला ओमाश्कोझो-झागाइगनच म्हणतात. हरीण काठावरून गेले तरी नावात राहिले. ज्या नावात सत्य हा शब्द कोंबला होता, ते तळ्याबद्दल काहीच सांगत नाही. ज्या नावात सत्याचा उच्चारही नाही, ते तेथे काय होते आणि काय गेले, याची साक्ष देत आहे.

नावे परतही येतात. त्याच मिनेसोटात, मिनिआपोलिस शहरातील एका तळ्याला गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या कॅल्हून या पुढाऱ्याचे नाव होते. २०१८ साली राज्य सरकारने डकोटा लोकांचे बडे माका स्का हे जुने नाव त्याला पुन्हा दिले आणि २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. हे घडू शकले, कारण ते जुने नाव कोणाच्या तरी तोंडी आणि कोणाच्या तरी कागदावर शिल्लक होते.

शिक्षकबंधूंना शेवटी एवढेच सांगतो. आपल्या गावातही ओढ्यांना, डोहांना, माळांना, शेतांच्या तुकड्यांना नावे असतात. गट नंबरात ती नसतात, म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात. एखाद्या डोहाला सुसरीचा डोह म्हणतात आणि सुसर पाहिलेला माणूस गावात उरलेला नसतो. मुलांना वही देऊन त्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. नाव, जागा आणि ते का पडले, एवढे तीन रकाने पुरेत. नदीचे मूळ शोधू नये असे म्हणणाऱ्यांनी नावाचे मूळ शोधू नये, असे काही सांगितलेले नाही.